मामाचा मान आणि काचेवर काच

शुक्रवार, नऊ जानेवारी. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, आणि ठाकुर्लीत सकाळी उन्हं वर येईपर्यंत अंगात स्वेटर ठेवावा एवढी थंडी. अशा सकाळी प्रभाकररावांनी मोबाईलला नवी काच बसवायचं ठरवलं, आणि ती जुन्या काचेवरच बसवायचं ठरवलं.

काच म्हणजे मोबाईलची स्वतःची नव्हे. तिला जपायला तिच्यावर दुसरी चिकटवतात, ती. स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानातल्या संदेशने नवी काच हातात देताना बजावलं होतं की काका, आधीची काढायची आणि मग ही लावायची, नाहीतर टच घेणार नाही. पण आधीच्या काचेचा फक्त एका कोपऱ्यात टवका उडाला होता, बाकी ती चांगली धडधाकट होती. धडधाकट वस्तू फेकायची प्रभाकररावांच्या घराण्याला सवय नव्हती (त्यांच्या माळ्यावर मिक्सरची भांडी होती, मिक्सर केव्हाच गेला होता). एका काचेने मोबाईल एवढा सुरक्षित राहतो, तर दोन काचांनी किती राहील, असा हिशोब करून त्यांनी जिभेचं टोक दाताखाली धरून काचेवर काच बसवली. एक बुडबुडा राहिला, तो त्यांनी रेशनकार्डाच्या कडेने दाबून बाहेर काढला.

मोबाईल खरोखरच सुरक्षित झाला. प्रभाकररावांपासूनसुद्धा.

बोट टेकवलं तर काही होईना. दाबलं तर थोड्या वेळाने शेजारचंच काहीतरी उघडायचं. प्रभाकरराव ठाण्याला एका विमा कंपनीत रेकॉर्ड विभागात होते, आणि त्यांना हे वागणं ओळखीचं वाटलं. त्यांचे साहेबही पहिल्यांदा सांगितलेलं ऐकायचे नाहीत आणि दुसऱ्यांदा ऐकून भलतंच करायचे. त्यामुळे त्यांनी मोबाईलशी साहेबांसारखंच जमवून घेतलं. तीनतीनदा सांगायचं, आणि होईल ते आपल्याला हवंच होतं असं धरून चालायचं.

सरोजबाईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते दोष काचेत कमी आणि बोटांत जास्त होता. "अहो, बोटं बघा स्वतःची. थंडीने नुसता खरकागद झालाय. खोबरेल चोळा जरा." प्रभाकररावांनी खोबरेल चोळलं. आता बोट पडद्यावरून असं घसरायला लागलं की एकदा तर ते थेट टेबलावर जाऊन थांबलं.

एरवी हे सगळं चाललं असतं. पण त्या आठवड्यात प्रभाकरराव एका फोनची वाट पाहत होते.

त्यांची थोरली बहीण नीलाताई ठाण्याला खोपटला राहायची. तिची मुलगी आसावरी हिचं लग्न आठ फेब्रुवारीला ठरलं होतं. आता नवरीला मंडपात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. आसावरीला मामा दोन. ठाकुर्लीचे प्रभाकरराव आणि कल्याणचा धाकटा महिपत. वयाने प्रभाकरराव मोठे, त्यात आसावरी लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून तलावपाळीला फिरलेली, त्यामुळे प्रश्न उद्भवायचं कारणच नव्हतं. पण महिपत अलीकडे खोपटला फार येऊन-जाऊन होता. येताना वालाच्या शेंगा आणायचा. नीलाताईला वालाच्या शेंगांचं काय वेड आहे ते प्रभाकररावांना माहीत होतं, आणि म्हणून त्यांना झोप लागत नव्हती. ताईने सरोजबाईंना एवढंच सांगितलं होतं, "रविवारी सकाळी प्रभाकरला फोन करून विचारते, त्याला जमणार असेल तर." त्या 'जमणार असेल तर'चा अर्थ लावण्यात त्यांचे दोन दिवस गेले होते. जाकीट त्यांनी आधीच शिवायला टाकलं होतं.

रविवारी सरोजबाई संक्रांतीची सुगडी आणि ऊस आणायला बाजारात गेल्या. प्रभाकरराव टेबलाशी मोबाईल समोर ठेवून बसले. मोबाईल वाजला. पडद्यावर 'ताई खोपट' आणि खाली दोन वर्तुळं, उचलायला हिरवं, कापायला लाल. हिरवं वर सरकवलं की फोन उचलला जातो. प्रभाकररावांनी सरकवलं. ते जागचं हललं नाही. अंगठ्याने सरकवलं, करंगळीने सरकवलं, बोटाच्या पेराने सरकवलं. शेवटी पूर्ण तळवा फिरवला (जमीन सारवतात तसा), तेव्हा मोबाईलने एकदम मनावर घेतलं आणि फोन कापून टाकला. वर ताईला स्वतःच्या बुद्धीने संदेशही पाठवला, 'आत्ता बोलू शकत नाही.'

ताईने पुन्हा लावला. या वेळी प्रभाकररावांनी अगदी हलक्या हाताने, देवाला फूल वाहावं तसं बोट टेकवलं. लाल वर्तुळ आपसूक सरकलं आणि फोन पुन्हा कापला गेला. त्यांनी स्वतः फोन लावायचा प्रयत्न केला तर त्यांच्या ऑफिसच्या कँटीनला लागला. रविवार असल्याने तो कोणी उचलला नाही, एवढंच नशीब.

तेवढ्यात लग्नाच्या ग्रुपवर संदेश आला. ग्रुपवर दोन्हीकडची मंडळी होती, मुलीकडची आणि मुलाकडची. एरवी ताई तिथे घरातल्या गोष्टी बोलत नसे, पण दोनदा कापलेल्या फोनचा राग तिच्या अक्षरा-अक्षरांत उतरला होता. 'प्रभाकर, फोन का कापतोस? आसावरीला मंडपात तू आणणार का महिपत? फेटेवाले समोर बसलेत, मामाचा फेटा वेगळ्या रंगाचा आहे. लगेच कळव.'

ज्या प्रश्नासाठी प्रभाकरराव जागत होते तो समोर होता, आणि 'हो' म्हणायला मोबाईल तयार नव्हता. त्यांनी 'ताई' लिहायचा प्रयत्न केला. पडद्यावर 'तटटट' उमटलं. ते पुसायला गेले तर आणखी एक ट आला.

आता इथे त्यांच्या हाताने डोक्याला न विचारता एक काम केलं. रेकॉर्ड विभागात सगळा जन्म फायली चाळण्यात गेलेला. कागद सुटत नसला की बोट ओलं करायचं. त्यासाठी टेबलावर ओल्या स्पंजची गोल डबी असायची, आणि तशीच एक डबी त्यांनी घरीही ठेवली होती, पेपरची पानं उलटायला. हात डबीकडे गेला, बोट स्पंजवर टेकलं आणि पडद्यावर आलं.

मोबाईल एकदम सुतासारखा सरळ झाला. बोट टेकायच्या आत अक्षर उमटायला लागलं. प्रभाकररावांना वाटलं, एवढं साधं आपल्याला दोन दिवस सुचलं नाही. त्यांनी पुन्हा बोट ओलं केलं, जरा सढळ हाताने. पाण्याचा एक ओघळ पडद्यावरून निघाला. तो जाईल तिथे मोबाईलला वाटे की कोणीतरी बोट लावलं, त्यामुळे संदेश आपोआप वर-खाली, डावी-उजवीकडे सरकत होते. प्रभाकररावांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. 'ताई' लिहिण्याचा नाद सोडून त्यांनी घाईघाईने मजकूर लिहिला, 'मी तयार आहे. हा मान मला मिळतोय हे माझं भाग्य.' आणि पाठवला.

मग जे झालं त्याने ते चक्रावून गेले. उत्तरांचा पाऊस पडला, आणि तो सगळा मुलाकडून. नवऱ्या मुलाचे वडील दौलतराव यांनी लिहिलं, 'प्रभाकरराव, काय बोलू? आमची मोठी अडचण तुम्ही दूर केलीत.' नवऱ्या मुलाने, सुश्रुतने, हात जोडले. त्यांच्याकडच्या कोणा आत्याने फुलांचा गुच्छ पाठवला, कोणा काकांनी 'याला म्हणतात मनाचा मोठेपणा' असं लिहिलं. आपण आपल्या भाचीला मंडपात आणणार, यात यांची कसली अडचण दूर झाली, हे प्रभाकररावांना कळेना. पण माणसं चांगली आहेत, आसावरी चांगल्या घरी पडली, एवढं त्यांनी मनात नोंदवलं.

मुलीकडून मात्र शांतता होती. बऱ्याच वेळाने महिपतचा संदेश आला, 'दादा, तू खरंच मोठा आहेस.' धाकट्या भावाने आपला हक्क किती गोडीने सोडला, या विचाराने प्रभाकररावांचे डोळे पाणावले, आणि वालाच्या शेंगांवरून त्याच्याबद्दल जे जे मनात आणलं होतं त्याची त्यांना लाज वाटली. शेवटी ताईचा संदेश आला. 'बरं.'

या 'बरं'पाशी ते अडखळले. नीलाताईचं 'बरं' चांगल्या अर्थाचं कधीच नसतं. लहानपणी 'बरं' म्हटल्यावर ती आठवडाभर बोलत नसे.

सरोजबाई ऊस घेऊन दारात आल्या तर प्रभाकरराव हसऱ्या पण बुचकळ्यात पडलेल्या चेहऱ्याने उभे. त्यांनी सगळी हकीकत सांगितली. सरोजबाईंनी ऊस भिंतीला टेकवला, स्वतःचा मोबाईल काढला, वाचला, आणि खुर्चीत बसल्या.

"अहो, तुम्ही कोणाला उत्तर दिलंत?"

"ताईला."

"ताईला नाही. हे वर काय चिकटलंय ते वाचा."

सरोजबाईंच्या मोबाईलवर प्रभाकररावांच्या मजकुराच्या डोक्यावर दौलतरावांचा सकाळचा संदेश बसला होता. प्रभाकररावांनी तो तेव्हा वाचलाच नव्हता. सुश्रुतचे एकुलते एक मामा रत्नागिरीला घरात पडले होते, पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा मुलाच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहील असं वडीलधारं कोणी मिळेल का, असं दौलतरावांनी विचारलं होतं. संदेशावरून बोट उजवीकडे सरकलं की तो आपल्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतो. बोट सरकलं नव्हतं. पाण्याचा ओघळ सरकला होता.

"म्हणजे मी," प्रभाकरराव म्हणाले, "मुलाचा मामा झालो?"

"सगळ्यांसमोर झालात. आणि भाग्य म्हणालात."

"पुसून टाकतो. कोणी वाचलं नसेल."

हे म्हणताना दोघांनाही फुलांचे गुच्छ दिसत होते. तरीही प्रभाकररावांनी मोबाईल उचलला, मजकुरावर बोट दाबून धरलं. मोबाईलने विचारलं, सगळ्यांसाठी पुसू का फक्त तुमच्यासाठी? प्रभाकररावांनी 'सगळ्यांसाठी'वर बोट नेलं. मोबाईलने शेजारचं घेतलं. मजकूर त्यांच्या पडद्यावरून नाहीसा झाला. सरोजबाईंच्या मोबाईलवर तो होता तिथेच, भाग्यासकट. आता अख्ख्या ग्रुपवर तो मजकूर पाहू न शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे लिहिणारा.

सरोजबाईंनी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला, नख घालून वरची काच सोलली, मग खालची सोलली, आणि मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला. तो आता एका बोटावर उत्तम चालत होता. नंतर त्यांनी आपल्या मोबाईलवरून ताईला फोन लावून दिला.

प्रभाकररावांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. थंडी, जुनी काच, नवी काच, खोबरेल, स्पंज. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा फोन दोनदा कापलास," ती म्हणाली, "आणि वर तिकडचा मामा व्हायला तयार झालास. मला वाटलं, महिपत येतो-जातो म्हणून रुसलास. रुसला तर रुसला, पण असा गावासमोर?"

"ताई, मी रुसलो नाही गं. काचेवर काच होती."

"ते तू दौलतरावांना सांग. त्यांनी रत्नागिरीला फोन करून कळवलंसुद्धा. तिकडे ते मामा अंथरुणात बसून रडले म्हणे. आता त्यांना सांग, काच होती."

प्रभाकररावांना हे सांगण्याचं धैर्य नव्हतं. ताईलाही नव्हतं. लग्नाला महिना असताना व्याह्यांना दिलेला शब्द मागे घ्यायचा, तोही मोबाईलच्या काचेपायी, हे दोघांनाही जमणारं नव्हतं.

"ताई, तू मला विचारणारच होतीस ना?" त्यांनी हळूच विचारलं. "का महिपतचं ठरलं होतं?"

"गाढवा, फेटेवाल्यांना मी तुझ्या डोक्याचं माप सांगून मोकळी झाले होते. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं."

हे ऐकून प्रभाकरराव खाली बसले. तोवर आसावरीने आईच्या हातून फोन घेतला होता. "प्रभामामा, ऐक ना. पाठीमागे उभा राहिलेला मामा मला दिसणारच नाही. अंतरपाट निघाला की समोर सुश्रुत, आणि त्याच्या खांद्यावरून तू. चालेल की मला. फक्त रडू नकोस, मलापण रडू येईल."

रडणार नाही, असं प्रभाकररावांनी कबूल केलं. ते बोलताना आवाज नीट नव्हता, पण त्याला कुठलीच काच कारण नव्हती.

रविवार, आठ फेब्रुवारी. ऊन बेताचं, वारा पडलेला. ठाण्याच्या कार्यालयात गुरुजींनी दोन्हीकडच्या मामांना भेटीसाठी पुढे बोलावलं, आणि माहीत नसल्याने दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली. महिपतने प्रभाकररावांना नारळ आणि उपरणं दिलं, प्रभाकररावांनी महिपतला दिलं, दोघांनी मिठी मारली. आसावरीला महिपतने मंडपात आणलं. प्रभाकरराव वरपक्षाचा फेटा बांधून सुश्रुतच्या पाठीशी उभे राहिले. पहिल्या पंगतीला ते मुलाकडच्यांत बसले आणि सरोजबाईंनी त्यांना आग्रहाने जिलबी वाढली. वराचे मामा म्हणून त्यांना पिस्ता रंगाच्या सफारीच्या कापडाचा आहेर मिळाला. तो दौलतरावांनी दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या खऱ्या मामांना पाठवण्यासाठी मागून नेला.