थूल सरांचे ‘अहो’

थूल सर वर्ध्याजवळच्या अख्ख्या पिपरी मेघे गावाला ‘तू’ म्हणतात. सरपंचाला, बँकेच्या मॅनेजरला, मतं मागायला आलेल्या उमेदवारालासुद्धा. मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे समोर कितीही मोठा माणूस येवो, सरांना तो सकाळच्या हजेरीला उशिरा आलेला पोरगाच दिसतो. या जगात ते फक्त एकाला ‘अहो’ म्हणतात. त्याला चार पाय आहेत, दाढी आहे, आणि त्याने माझ्या दोन चपला खाल्ल्या आहेत.

“अहो, इकडं या. बसा. पाय पुसू द्या.”

शेजारच्या घरातून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सरांकडे कोणी वयस्कर पाहुणे आलेत. भिंतीवरून डोकावले, तर काथ्यासारख्या राठ केसांचा एक पांढरा-काळा कुत्रा चौकोनी तोंड वर करून उभा. निवृत्तीला टेकलेल्या, कचेरीतल्या बडेबाबूसारख्या भुवया, आणि फाईल अडवून धरल्यासारखा चेहरा. वायर फॉक्स टेरियर, असं सरांनी सांगितलं. एका डॉक्टरची बदली झाली तेव्हा तो सरांकडेच राहिला.

माझं खरं शिक्षण पत्रकांवर झालं. वडील चळवळीच्या सभांमध्ये पुस्तिकांचं टेबल मांडत आणि मी त्या टेबलाखाली वाढले. तेव्हा विलायती वंशाच्या कुत्र्याला ‘अहो’ आणि दूधवाल्याला ‘तू’, हे मला सहन होणं शक्यच नव्हतं. मी सरांना स्पष्ट सांगितलं, की जन्मावरून मान देणं हा अन्याय आहे, मग तो माणसाला असो की कुत्र्याला.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्याले जन्मानं मान कायचा भेटते व पोरी? खोदणं भेटलं, तेवढंच.”

ते मात्र खरं होतं. ‘अहो’ खोदत. आमची सदाफुली खोदली, सरांच्या कढीपत्त्याखालचं खोदलं, ग्रामपंचायतीने घातलेल्या मुरमाचा रस्ताही उकरला. कुकरच्या प्रत्येक शिट्टीवर भुंकत. तोंडात धरलेली वस्तू सोडायची हे त्यांना मान्यच नव्हतं. पाय पुसायचं फडकं एकदा धरलं, तर सर एका टोकाला आणि ते दुसऱ्याला, वरण उतू जाईपर्यंत. उन्हाळ्यात मात्र वर्ध्याचं ऊन त्यांना झेपत नसे. ओल्या पोत्यावर कूलरसमोर बसून ते सगळ्या जगावर नाराज असत.

सर रोज सकाळी त्याला ओट्यावर उभा करून त्याचे केस उपटत. हो, उपटत. बोटांना फळ्याचा खडू चोळायचा, म्हणजे केस निसटत नाहीत, आणि चिमटीत एकेक बारीक झुपका धरून ओढायचा. मी धावतच गेले होते. हे क्रौर्य आहे, मशीन फिरवा, मी म्हणाले. ज्या माणसाने वसतिगृहातल्या पोरांना रांगेत बसवून न्हाव्याकडून मशीन मारून घेतली, त्याला कुत्र्याला मशीन लावायचा एवढा राग यावा!

“मशीननं त्याचा केस पोचट होते. मेला केस तेवढाच हाती येते, दुखत नाई त्याले. पाह्य, उभ्यानं झोपून राह्यला.” खरंच, ‘अहो’ डोळे मिटून उभे होते. “फुटलं तेवढं बोंड वेचाचं. कच्च्याले हात नाई लावाचा. हिंगणीवालीनं शिकवलं मले.”

हिंगणीवाली म्हणजे सरांची बायको, शांताकाकू. बोर धरणाकडच्या त्यांच्या माहेरी लहानपणापासून कापूस वेचलेले हात होते त्यांचे. आम्ही या गल्लीत यायच्या आधीच त्या वारल्या. सर याहून जास्त बोलत नसत.

त्याच सुमाराला मी ‘नवऱ्याला नाव आहे’ हे पत्रक काढलं. बाईने जन्मभर नवऱ्याला ‘अहो’ का म्हणावं, असा सवाल होता. मी स्वतः हा शब्द कोणासाठी उच्चारणार नाही, अशी प्रतिज्ञा शेवटी ठळक अक्षरात होती. घरोघरी वाटलं, सरांनाही दिलं. त्यांनी ओट्यावर बसून पूर्ण वाचलं आणि एवढंच विचारलं, “नावानं बोलावलं का सारेच येतेत का व?” मला वाटलं, मुद्दा कळला नाही यांना.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. आमच्या घरांच्या लेआउटच्या मागे कपाशीचं शेत आहे. तिथे बांधात एक घूस दिसली आणि ‘अहो’ तिच्यामागे सरळ बिळात शिरले. शेपूटसुद्धा दिसेनाशी झाली. आरडाओरडा ऐकून मी पोचले तेव्हा सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी पालथे पडून बिळात हाक मारत होते. आतलं भुंकणं लांब आणि दबकं येत होतं. आत जागा अरुंद, हवा कमी. घूस सोडून मागे फिरायचं, हे त्याच्या रक्तातच नाही. एकजण म्हणाला, जेसीबी बोलवा. सर त्याच्यावर खेकसले, की काळी माती हाय, वरून खचली तर थो जिवंतपणी गाडल्या जाईन.

भुंकणं थांबलं. आता फक्त मधूनच गुरगुर.

सर उठून बसले. दाढीला माती, हाताला माती. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला काही मागितलं असेल असं वाटत नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, तू बोलाव एक डाव. बाईचा आवाज पायजे.”

मग तुटक तुटक सांगितलं. डॉक्टरने पिल्लाचं नाव मोती ठेवलं होतं. त्या नावाला ते कधी आलंच नाही. काकू दिवसभर सरांना ‘अहो, या ना’ म्हणून बोलवायच्या, आणि पिल्लाला वाटलं, ही हाक आपल्यालाच आहे. काकूंनी एक हाक मारली की दोघं यायचे, एक खुर्चीवरून, एक खाटेखालून. “हिंगणीवाली म्हणे, एक बोलावला का दोन येतेत, मले काय तोटा. तवापासून हेच नाव. मी हाक मारतो तं येते, पण तिच्या हाकंले तोंडातलं टाकून येत होता.”

मी बिळापाशी वाकले. “अहो!” हाक सभेतल्यासारखी निघाली.

“तशी नाई,” सर म्हणाले. “सयपाकखोलीतून मारते तशी.”

मी कधी कोणाला तशी मारली नव्हती. डोळे मिटले, पोळी तव्यावर आहे असं समजले, आणि म्हणाले, “अहो, या ना. जेवण थंड होऊन राह्यलं.”

आत खरवड झाली. मग माती सांडली, आणि मागच्या पायांनी उलटं सरकत, थुंकत, शिंकत ‘अहो’ बाहेर आले. दाढी काळी झालेली. तोंड रिकामं. माझ्या देखत पहिल्यांदाच त्यांनी धरलेलं काही सोडलं होतं.

मी हसत मागे वळले, सरांना दाखवायला. सर बिळाकडे बघतच नव्हते. ते उभे राहिले होते, आणि पानावर बसण्याआधी झटकावेत तसे मातीचे हात झटकत होते.

“आलो,” ते हळूच म्हणाले.