जिनेगडास फाटक बसले त्याची हकीकत

सकळ मातोश्रींस विदित व्हावे, की ज्यांच्या पदरी रांगते मूल आहे आणि ज्यांचा एक डोळा सदैव मुलावर व दुसरा प्लगच्या भोकांवर असतो, त्यांच्या माहितीस्तव ही हकीकत लिहिली आहे. थोर माणसे थोर गोष्टींत गुंतली म्हणजे लहान गोष्ट कशी राहून जाते, हे जैसे घडले तैसे लिहिले. पदरचे मीठ घातले नाही. तिखट मात्र घातले आहे.

ऐसियास, प्रार्थनामंदिराच्या मागे दुमजली इमारत आहे. तिच्या वरल्या दालनात कामाच्या दिवशी पाळणाघर चालते, आणि शिलाई कारखान्यातील बायांची मुले तेथे दिवसभर राहतात. जागा ख्रिस्ती मंडळीची आणि मुले सांभाळणाऱ्या मावशींचा पगार युनियनचा, ऐसा तो दोन दौलतींचा सामाईक मुलुख. दालनाच्या दारास कवाड नाही, त्यातून थेट दगडी जिना खाली उतरतो, आणि त्याच्या तोंडाशी आडवे म्हणून काही नाही. या स्थळास आया आपसांत जिनेगड म्हणत, आणि म्हणताना कोणी हसत नसे.

शनिवारी पाळणाघर बंद, म्हणोन त्या दिवशी तेथे खासा संवाद बैसे. एका अंगास पाळकसाहेब व मंडळीतील वडील माणसे, दुसऱ्या अंगास युनियनचे जुने सरदार कॉम्रेडसाहेब व त्यांच्या अभ्यासवर्गाचे मानकरी. ख्रिस्ती आणि मार्क्सवादी यांनी समाजनीतीपुरते एक व्हावे, गरिबाच्या कैवारात तुझेमाझे नसावे, ही मसलत. मसलत उत्तम होती. बिस्किटेही उत्तम होती.

आता सूनबाईंचे वर्तमान. या पाळकसाहेबांच्या कन्या आणि कॉम्रेडसाहेबांच्या सूनबाई. कॉलेजात शिकलेल्या, त्याच कारखान्यात तयार कपडा तपाशीत, आणि एक टाका सुटला असता हातभर अंतरावरून त्यांस दिसे. त्यांच्या लग्नात दोघा व्याह्यांनी एकमेकांस कडकडून मिठी मारली आणि त्याच मांडवात वाद मांडिला. संवाद म्हणतात तो तोच वाद, फक्त खुर्च्या वाढल्या. सूनबाईंस चिरंजीव जाहले, त्यांस घरी रणगाडा म्हणत, कारण वाटेत चप्पल येवो, पेपर येवो की आजोबा येवोत, ते वरून जात आणि दिशा बदलत नसत. बाळंतपणाची रजा सरली होती. सोमवारी सूनबाईंनी कामावर रुजू व्हावे आणि रणगाड्याने जिनेगडावर मुक्काम करावा, हे ठरून चुकले होते. मग सूनबाईंस अन्न गोड लागेना, आणि डोळा मिटला की जिनाच दिसे.

फाटक नव्हते ऐसे नाही. मंडळीतील एका सुताराने भक्कम लाकडी फाटक करून पाठविले होते, कडी लाविलेली, भोके पाडिलेली. स्क्रू पिळावे इतकेच उरले. परंतु कॉम्रेडसाहेबांनी हरकत घेतली, की हे फाटक दान आहे, आणि कामगाराच्या पोरास दान नको, ते कारखानदाराकडून हक्काने मिळवावे. त्यावर पाळकसाहेबांनी कळविले, की सारेच हक्काने मागितले तर प्रेमास जागा कोठे राहिली? मग फाटक कोणत्या तत्त्वावर बसवावे हे ठरविण्यास उपसमिती नेमिली, आणि ठरेतोवर स्क्रू व पेचकस सामाईक कपाटात कैद केले. त्या कपाटास दोन कुलुपे, एक किल्ली मंडळीची, एक युनियनची. दोघांचे एकमत झाल्यावाचून तेथून खडूसुद्धा बाहेर पडत नसे. सूनबाई म्हणाल्या, मी दुकानातून स्क्रू आणते आणि बसवते. तेव्हा दोन्ही दौलतींचे मिळून फर्मान सुटले, की सामाईक भिंतीत एकतर्फी स्क्रू जाऊ नये. फाटक भिंतीस टेकून उभे राहिले आणि त्यावर रेनकोट वाळू लागले.

सूनबाईंनी दोन्ही दरबारी अर्ज करून पाहिला.

"बाबा, आधी बसवा. मग ते दान की हक्क, बसून ठरवा ना."

"पोरी, पाया चुकला तर घर उभं राहत नाही."

"मामंजी, तुम्ही तरी..."

"सूनबाई, आज फुकटचं फाटक घेतलं, तर उद्या मालक म्हणेल, पाळणाघर देवाच्या भरवशावर छान चाललंय की! मग उद्या काय करायचं?"

"उद्याचं नंतर बघू हो. माझा सोमवार तोंडावर आलाय."

सोमवार हा मुद्दा कोणाच्याही ग्रंथात नव्हता, सबब त्यावर चर्चा जाहली नाही.

मग तो शेवटला शनिवार आला. सूनबाईंचे यजमान दुसऱ्या एका कारखान्यात पाळीवर, म्हणोन त्या रणगाड्यास कडेवर घेऊन, आज निकाल लावल्याविना हलणार नाही ऐसा निश्चय करून जिनेगड चढल्या. चढताक्षणी कॉम्रेडसाहेब म्हणाले, "सूनबाई, आलीस? चहाचं बघतेस का जरा?" आणि पाळकसाहेब म्हणाले, "साखर बेताची हं, बाळा." या एका कलमावर मात्र दोन्ही तत्त्वज्ञानांचे पूर्ण ऐक्य होते, त्यास उपसमिती लागली नाही. सूनबाईंनी चिरंजीव सतरंजीवर ठेविले, दोघा आजोबांस "दोघं आहात, लक्ष ठेवा" ऐसे बजाविले आणि त्या खाली चहाघरात गेल्या. दोघे होते हाच घात जाहला. प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपविले.

तेथील दस्तुर ऐसा, की बैठकीच्या आरंभी मंडळी प्रार्थना करू म्हणे आणि युनियन हुतात्म्यांस वंदन करू म्हणे. आधी कोणाचे, यावर मागे मोठी झुंज होऊन शेवटी तह जाहला, की सर्वांनी एकदमच स्तब्ध उभे राहावे आणि ज्याने त्याने आपापले मनात करावे. त्यात जो आधी हलेल त्याने समोरच्याचा अपमान केला, ऐसे कलम.

सर्व उभे राहिले. एका अंगाचे डोळे मिटलेले, दुसऱ्या अंगाचे समोरल्या भिंतीवर. आणि रणगाड्याने कूच केले. सतरंजी ओलांडिली, अभ्यासवर्गाच्या सचिवांच्या बुटावरून गेला, आणि मोकळे दार पाहून त्यास परमसंतोष जाहला. पाळकसाहेबांचा एक डोळा उघडला. कॉम्रेडसाहेबांचा भिंतीवरून घसरला. दोघांनी नातू पाहिला, दार पाहिले, आणि एकमेकांस पाहिले. पाळकसाहेबांनी मनी आणिले, की हललो तर म्हणतील यांची प्रार्थना वरवरची. कॉम्रेडसाहेबांनी मनी आणिले, की हललो तर म्हणतील यांस आपल्या मेलेल्यांची चाड नाही. दोघांच्या कपाळी घाम फुटला, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवणे प्राप्त आहे. पाय मात्र कोणाचा उचलला नाही. तोवर चिरंजीवाने जिन्याच्या तोंडाशी येऊन एक हात पुढे टाकिला, आणि हाताखाली काही लागले नाही.

त्या समयी सूनबाई चहाचा ट्रे घेऊन अर्धा जिना चढल्या होत्या. वर पाहिले तो एक टकले डोके आणि दोन दात. ट्रे सोडिला, तो कोठे गेला हे पाहिले नाही, आणि वरून सुटलेला रणगाडा छातीवर झेलिला. कपबश्या खणाखण खालपर्यंत गेल्या. तेव्हा कोठे स्तब्धता भंगली, आणि सर्व थोर मुखांतून एकच उद्गार निघाला, "अरे अरे अरे!"

चिरंजीव हसत होते. सूनबाईंनी त्यांस कडेवर घट्ट धरून वर पाहिले.

"बाबा, मामंजी, आज हा गेला असता तर ते दान झालं असतं, की हक्क?"



मग सूनबाई खाली उतरल्या. पाळणाघराच्या मावशी शनिवारच्या सफाईस येऊन फरशी पुसत होत्या, त्यांस हाक मारून दोघींनी खालच्या दालनातील प्रार्थनेचा लांब बाक ओढून आणिला, आणि जिन्याच्या तोंडापासून थोडे खाली, भिंत व कठडा यांमध्ये आडवा ठोकून बसविला. त्यावर मुलासह ठाण मांडून फर्मान काढिले, की फाटक बसल्यावाचून एक माणूस खाली उतरणार नाही. मावशींनी पुरवणी जोडिली, "चहा खाली आहे. आणि संडासपण खालीच आहे, बरं का."

वेढा पडला. वरील बहुतेक सरदार उतारवयाचे, घरून पाणी पिऊन निघालेले, सबब रसदेपेक्षा निचऱ्याचाच प्रश्न बिकट. सचिवांनी दारात येऊन, हा चक्क दबाव आहे, ऐसा निषेध केला. तेव्हा कॉम्रेडसाहेब पडलेल्या आवाजात म्हणाले, "दबाव नाही रे, घेराव आहे. मीच शिकवलाय तिला." पाळकसाहेबांनी खिशातून किल्ली काढिली. मग दुसरी किल्लीही निघाली, आणि कपाट उघडले.

पुढील प्रसंग वर्णिताना लेखणीस हसू आवरत नाही. एकाचा धनी सुताराघरी वाढलेला, दुसऱ्याच्या निशाणावर हातोडा, आणि स्क्रू कोणीकडे पिळतात हे दोघांसही ठाऊक नाही.

"धरा नीट, व्याही."

"धरलंय हो! तुम्ही पिळा."

"उलटं पिळताय."

"उलटं नाही, तुम्हीच फाटक उलटं धरलंय. कडी खाली आली की!"

"अरेच्चा, खरंच."

इतक्या वर्षांत दोन्ही पक्षांत झालेला खरा संवाद तो इतकाच. बोट चेमटले, चष्मा जिन्यावरून गेला, आणि मग फाटक उभे राहिले. सूनबाईंनी कपडा तपासावा तैसे ते तपासिले, हलवून पाहिले, आणि खालचा स्क्रू ढिला म्हणोन परत पाठविले. तो आवळून जाहला तेव्हा बाक काढिला, आणि सर्व पराक्रमी सरदार घाईने, रांगेने खाली गेले.

त्यानंतर संवादाचे संयुक्त निवेदन निघाले, की दोन विचारांमधील बंद दार आज उघडले. दार बंद करण्यासाठी ही सारी मोहीम होती, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. सूनबाईंचा उल्लेख शेवटी चहाबद्दल आभार म्हणोन आहे, आणि तो चहा कोणी प्यालेलाही नाही. फाटक दान की हक्क, हा प्रश्न उपसमितीकडे आहे आणि उपसमिती बैसली आहे.

सोमवारी सूनबाई चिरंजीवास मावशींच्या हवाली करून रस्त्यावर आल्या. तोच वरून धाडकन आवाज जाहला. रणगाडा फाटकावर आदळला होता. मग दोन्ही मुठींनी गज हलविण्याचा खडखडाट, आणि मग ऐसा आक्रोश, की रस्त्यावरली माणसे थांबून वर पाहू लागली. सूनबाई जागीच उभ्या राहून कान देऊन ऐकत राहिल्या. रडणे जिन्यावरून खाली येत नव्हते. जेथले तेथेच होते, वर, फाटकाच्या आत. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या कामावर गेल्या.

येणेप्रमाणे जिनेगड फत्ते जाहला. वाचून जाताना कडी लावून घ्यावी.