तोंडी धावणे

मुलांनो, अशी एक शाळा मनात आणा, जिथे धावण्याची परीक्षा बसून देतात. हसू नका. सुरक्षितता हा सर्व व्यायामांचा पाया आहे, आणि बसलेले मूल सहसा पडत नाही.

१९५६ साली आमच्या कुलाबा जिल्ह्यात, मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून अंध मुलांची अशी शाळा होती. शेजारीच डोळस मुलांची साधी शाळा. दोन्हीकडे शारीरिक शिक्षणाला एकच दीनानाथ गुरुजी. अंध मुले पडतील या काळजीने ते तिथे व्यायाम फक्त सांगत. "आता आपण धावतो आहोत," असे ते म्हणत आणि मुले जागच्या जागी धापा टाकत. (गुरुजी जास्त दमत, कारण बोलायचे त्यांना होते.)

त्या वर्षी वरून कागद आला: विद्यार्थ्यांना हा विषय कितपत आवडतो, ते कळवावे. साध्या शाळेत एकशे बारांपैकी नऊ जणांना आवडत होता. बाकीची बहुतेक कोळ्यांची मुले. पहाटे होड्या ओढून, मासळीच्या पाट्या वाहून शाळेत येत, आणि मग त्यांना 'एक-दोन' म्हणत हात वर करायला लावत. एकाने नावडीचे कारण 'हात' एवढेच लिहिले. अंध शाळेत मात्र तेविसांपैकी बावीस जणांना विषय आवडत होता. निष्कर्ष उघड होता. व्यायामातून शरीर वजा केले की आवड वाढते. लगेच साध्या शाळेतही मुलांना खाली बसवले. आठवड्याभरात आवड नऊवरून एकशे बारांवर गेली (पैकी चाळीस जणांची घोरत होती).

अंध शाळेतली उरलेली तेविसावी म्हणजे मैना, धर्माजी कोळ्याची अकरा वर्षांची लेक. तिने कारण सांगितले होते, "मना खरंच धावाचा हाय." छापील कारणांत हे नसल्याने ते 'इतर'मध्ये घातले.

मार्चात डिप्टी साहेब तपासणीला आले. उकाड्यामुळे दोन्ही शाळांची परीक्षा किनाऱ्यावर ठेवली होती. साहेबांना खुर्ची, बाकी सगळे, बघायला आलेले आम्ही गावकरीही, वाळूत. तोंडी शंभर यार्ड मैनाने नऊ सेकंदांत सांगून संपवले. तिच्या वर्गातल्या चंदरला चौदा लागले, मधेच शिंक आली. मग साहेबांनी मैनाला विचारले, धावताना कोणता पाय पुढे टाकावा?

"जो मागं ऱ्हायला त्यो."

श्वास कुठून घ्यावा?

"गावंल तिथून."

साहेब खूश झाले. शंभरपैकी शंभर. तोंडी धावण्यात मैना जिल्ह्यात पहिली आली.

"मंग सायब, आता धावू?"

साहेबांनी नियम चाळले. पास झाल्यावर धावण्याची तरतूद नव्हती. ते मायेने म्हणाले, "बाळ, पहिली आलीस. आता धावून आणखी काय मिळवायचंय?"

"पडशील गं," गुरुजी म्हणाले.

"पडंन की. ते माजा मी बघन."

ती उठली. धुक्यात तिचा बाप होडी आणतो तशी लाटांच्या आवाजाने दिशा धरली, समुद्र डाव्या कानाला ठेवला आणि सुटली. ओल्या, घट्ट वाळूवर तिचे पाय थडथड वाजत होते. एकदा पडली. उठून पुन्हा धावली. लांबून तिची हाक आली, "माज्या मागं कोन हाय?"

कोणी नव्हते. एकशे बारा डोळस, बावीस अंध, गुरुजी, साहेब, आम्ही गावकरी, सगळे मन लावून कौतुक करत होतो. बसून, जसे आता तुम्ही करता आहात.

तेव्हा मैना वळली, समुद्र उजव्या कानाला घेतला, धावत परत आली, आणि पहिला जो हात सापडला तो धरून ओढतच निघाली. तो साहेबांचा होता, लेखणीसकट.