दोनपासून सुरू होणारी यादी

जीपचे नवे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, अकरा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळून पडले होते. ते आणणारा माणूस जाऊन नऊ आठवडे झाले होते, आणि सोमवारी जीपचा नवा मालक तिला न्यायला येणार होता. म्हणून शनिवारी सकाळी त्याच्या थोरल्या लेकीनं, थोरलीनं, बाह्या वर सारल्या आणि पोतं सोडलं.

दिलेल्या गाडीला नवे पाटे कशाला, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर आईच्या कमरेत होतं. जुने पाटे इतके बसले होते, की खड्डा चाकाच्या आधी आईच्या मणक्याला कळायचा. नवे पाटे घातले की तुला वरच्या तळ्यावर नेतो, असं वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं. आईनं वाट पाहिली, भरपूर टोमणे मारले, आणि मग टोमणे मारायला समोर कुणी उरलं नाही. गाडी जाण्याआधी आईनं तिच्यातून एकदा तळं गाठावं, एवढंच थोरलीला हवं होतं. त्यासाठी रविवार हा एकच दिवस हातात होता.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मभर त्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. हातभर लांबीचा पाना त्यांनी चिमटा धरावा तसा दोन बोटांत धरला, तेव्हा थोरलीनं त्यांची बाकीची बोटं त्यावर मिटवली.

काय करायचं हा प्रश्न नव्हता. कुठलंही काम हाती घेण्याआधी त्याच्या पायऱ्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायच्या, ही वडिलांची रीत होती. पाट्यांची यादीही तिथं होती, फक्त ती दोनपासून सुरू होत होती. यादीच्या वर, खिळ्याला, त्यांचा कामाचा कोट टांगलेला होता. नऊ आठवड्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता. झाडताना आईचा झाडूसुद्धा त्याच्याखालून बेतानं जायचा.

"एक कुठाय?" थोरलीनं विचारलं.

"दादाची पहिली पायरी म्हणजे चहा," काका म्हणाले. "ती काय लिहायची असते?"

यात तथ्य होतं. चहा घेतल्याशिवाय त्या माणसानं साधा बल्बही बदलला नव्हता. तिघांनी गंभीरपणे चहा घेतला आणि दुसऱ्या पायरीपासून कामाला सुरुवात केली.

पुढचं सगळं यादीबरहुकूम झालं. चाकांना दगड लावले, जॅक चढवला, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली. गंजलेल्या नटांना डिझेल पाजलं. प्रत्येक नट सुटला की काका तो कानाशी नेऊन हलवत आणि मग बशीत ठेवत. रविवारी दहाच्या सुमारास चारही पाटे बसले, गाडी जमिनीवर उतरली, आणि शेवटचे बोल्ट, यादीत म्हटल्याप्रमाणे, गाडीचा भार पाट्यांवर आल्यानंतरच आवळले गेले. जीप ताठ उभी होती. जरा जास्तच ताठ.

थोरलीनं गाडी सुरू करून दारापर्यंत आणली आणि काकांनी हात वर केला. गाडीचं पत्र्याचं छप्पर दाराच्या चौकटीपेक्षा चार बोटं वर होतं.

छप्पर काढावं तर ते वडिलांनी स्वतः वेल्डिंग करून कायमचं बसवलेलं. जुने पाटे परत चढवावेत तर ते कापून काढावे लागले होते. चाकांतली हवा सोडली, तेव्हा दोन बोटं कमी झाली. उरलेल्या दोन बोटांसाठी शेजारच्या सुताराला बोलावलं. त्यानं चौकट ठोकून पाहिली आणि वरचं लाकूड कापतो म्हणाला.

"थांबा जरा," आई म्हणाली. "ह्यांच्या कोटावर भुसा उडेल."

ती पुढे झाली आणि तिनं कोट खिळ्यावरून काढला. तो छातीशी धरून ती तशीच भिंतीकडे बघत राहिली. कोटामागे भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

१. गाडी आधी बाहेर काढणे. नंतर दारातून निघणार नाही. धाकट्याला हे दोनदा सांगणे.

काकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

सुतारानं करवत टेकवली, तसा आईनं त्याचा हात धरला. चौकट कापायची नाही, असं तिनं सांगितलं. मग तिनं नव्या पाट्यांकडे आणि सुताराच्या पोटाकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही आत बसा," ती म्हणाली. "आणखी माणसं बोलवा."

नऊ आठवड्यांपूर्वी जी माणसं न बोलावता आली होती, त्यांना आता जीपमध्ये बसायला बोलवावं लागलं. शिंपी आला, बेकरीवाला आणि त्याचा भाऊ आला, शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. सगळे ओळीनं मागे बसले, त्या दिवशी बसले होते तसेच, हात मांडीवर ठेवून. कुठं जायचंय, असं बेकरीवाल्यानं हळूच विचारलं. दारापर्यंत, असं काकांनी तितक्याच हळू सांगितलं. पाटे कुरकुरत खाली गेले. थोरलीनं मुंगीच्या पावलांनी गाडी पुढे घेतली. चौकटीनं छपराचा थोडा रंग घेतला आणि जीप बाहेर आली.

मंडळी एकेक करून उतरली. प्रत्येकाबरोबर गाडी वर उठत गेली.

"वहिनी," चाकांत हवा भरून झाल्यावर काका म्हणाले, "आता ही परत आत जायची नाही."

"मग बसा की," आई म्हणाली. ती केव्हाच पुढच्या सीटवर बसली होती, कमरेमागे कोटाची घडी घेऊन.

गाव संपल्यावर रस्ता बिघडला. पहिला मोठा खड्डा समोर आला, तशी थोरलीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. जीप एकदा खाली गेली, सावकाश वर आली आणि चालू लागली.

"गेला का खड्डा?" आईनं विचारलं.

"गेला."

आईनं कमरेमागच्या घडीवर हात ठेवला आणि मान जराशी मागे वळवली.

"एवढ्याला अकरा महिने लावलेत होय?"

काका मागून काहीतरी सांगायला सरसावले. थोरलीनं आरशातून मान हलवून त्यांना थांबवलं. प्रश्न त्यांना नव्हता.