साळूबाईची फाइल आहे का?

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, नदी होती, सिंह होता. आणि अलीकडेच तिथे संगणक विभागही आला होता. हसू नका. तुमच्याकडेही आला आहे.

त्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. नदीकाठच्या उतारावर तिचं तीन तोंडांचं बीळ होतं. ते तिने स्वतःच्या नखांनी खणलं होतं, आणि आत तिची दोन पिल्लं होती. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. अशी पिल्लं उघड्यावर पडली तर त्यांचं काय होतं, हे मी जेवणाच्या वेळी सांगणार नाही.

जंगलातल्या प्रत्येक बिळाची एक फाइल असे. बीळ कोणाचं, तोंडं किती, मालकाच्या पंजाचा ठसा, सगळं तिच्यात. पूर्वी या फाइली नदीपलीकडच्या गुहेत अस्वलकाका सांभाळायचे. मग गुहेत एक मोठं यंत्र बसलं आणि फाइली त्यात गेल्या. यंत्राला नाव पडलं नेटवर्क ड्राइव्ह. यंत्र पलीकडे, कचेरी अलीकडे आणि मधे नदीवरून एक वायर. त्या वायरवर वानरं झोके घेत.

एके दिवशी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं. ज्या बिळाची फाइल नाही, ते बीळ बेवारस. जो आधी अर्ज करील, त्याचं.

संगणक विभागात मुंगूसराव होते. भारी हुशार. त्यांनी एका दुपारात प्रोग्राम लिहून टाकला. प्रोग्राम वायरवरून विचारायचा, ‘अमक्याची फाइल आहे का?’ उत्तरं दोनच, आहे किंवा नाही. आहे आलं, तर पुढचं बीळ. नाही आलं, तर त्याच नावाची नवी कोरी फाइल तयार करायची आणि बिळावर नोटीस लावायची.

“तिसरं उत्तर नको का?” एका घुबडाने विचारलं.

“कशाला? वस्तू असते, नाहीतर नसते,” मुंगूसराव म्हणाले.

ऐकायला किती बरं वाटतं! घुबडानेही मान डोलावली.

साळूबाईची पाळी आली तेव्हा वानरं रंगात आली होती. वायर निखळली. प्रोग्रामने विचारलं, पलीकडून काहीच आलं नाही. काहीच आलं नाही, म्हणजे नाही. सकाळी साळूबाईच्या दारात नोटीस. सूर्यास्ताच्या आत बीळ रिकामं करावं.

साळूबाईने पिल्लांना आत ढकललं आणि ती तडक कचेरीत गेली. तिथे बाकावर एक तरस बसला होता. त्याचा अर्ज भरून तयार होता.

“अहो, माझी फाइल आहे!”

“नाही,” मुंगूसराव म्हणाले.

“तुम्ही पाहिलीत?”

“प्रोग्रामने पाहिली. म्हणजे ती नाही, हे पाहिलं.”

“पण ती वायर बघा ना! पाण्यात लोंबतेय!”

मुंगूसरावांनी खिडकीतून पाहिलं. “वायरचा विभाग वेगळा आहे, बाई.”

साळूबाईने एकदा तरसाकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे पाहिलं आणि नदीत उडी टाकली. ओढ भयंकर होती. दोनदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. तरी ती पोहोचली.

अस्वलकाकांनी यंत्र उघडून दाखवलं. फाइल होती! साळूबाईचं नाव, तीन तोंडं, पंजाचा ठसा. ठसा बघून तिला रडूच आलं.

“मग तो प्रोग्राम ‘नाही’ का म्हणतो, काका?”

“पोरी, वायर तुटली की तो नाही म्हणतो. मी दार लावून घेतलं तरी नाही म्हणतो. परवा मी मध खायला गेलो होतो, तेव्हाही नाही म्हणाला. जा, वायर जोडून घे आणि पुन्हा विचारायला सांग त्याला.”

ती परत पोहत निघाली. अर्ध्यावर असताना तिने पाहिलं, वानरांनीच वायर जागेवर अडकवली होती. झोके घ्यायचे म्हटलं तर वायर लागतेच. साळूबाईला हायसं वाटलं. ओल्या अंगाने ती कचेरीत शिरली.

“आता विचारा!”

मुंगूसरावांनी विचारलं. प्रोग्राम म्हणाला, आहे! सगळ्या कचेरीने टाळ्या वाजवल्या. तरसाने मात्र टाळी वाजवली नाही, आणि तो उठलाही नाही.

“उघडून दाखवा,” साळूबाई म्हणाली.

फाइल उघडली. आत पांढरंशुभ्र. नाव नाही, तोंडं नाहीत, ठसा नाही.

“ही माझी नव्हे! आत्ता मी डोळ्यांनी पाहून आले!”

“बरोबर आहे,” मुंगूसराव समजावू लागले. “काल फाइल नव्हती, म्हणून प्रोग्रामने कोरी केली. वायर जुळल्याबरोबर ती पलीकडे गेली आणि जुनीच्या जागी बसली.”

“म्हणजे जुनी होती!”

“होती ना. पण आता नाही.” मुंगूसरावांचा चेहरा उजळला. “म्हणजे प्रोग्रामचं कालचं उत्तर अगदी बरोबर होतं.”

मला या ठिकाणी दर वेळी संताप येतो, बाळांनो. पण गोष्ट पूर्ण करायला हवी.

कोऱ्या फाइलीत कोणाचं तरी नाव हवं. तरसाचा अर्ज आधीचा होता. त्याचं नाव लिहिलं, त्याच्या पंजाचा ठसा घेतला. एकाही फाइलीबाबत प्रोग्राम चुकला नाही, म्हणून महाराजांनी मुंगूसरावांना बढती दिली.

सूर्य टेकला तेव्हा साळूबाई उतारावर उभी होती. दोन्ही पिल्लं तिच्या पोटाखाली शिरू बघत होती. बिळाच्या तिन्ही तोंडांतून तरसाचा वास येत होता.

“आई,” धाकट्याने विचारलं, “आपलं बीळ आहे का?”

“नाही,” साळूबाई म्हणाली. हे उत्तर मात्र तिने स्वतः पाहून दिलं होतं.

तात्पर्य: बाळांनो, ‘कळलं नाही’ असं कधी म्हणू नये. तसं म्हटलं की नदी पोहून जावं लागतं आणि बघून यावं लागतं. सरळ ‘नाही’ म्हणावं आणि सूर्यास्तापर्यंत थांबावं. बहुतेक गोष्टी तोवर खरोखरच नाहीशा होतात.