भाकीतरावांचा भोंगा

"जगातला कुठलाही हादरा असू दे, तो बसायच्या आधी मला कळतो!" भाकीतराव बाथरूममधून ओरडून सांगत होते. अंगाला साबण, डोक्याला फेस आणि आवाज मात्र भरसभेतला. "कळतो म्हणजे कळतोच! उद्या कंपनीच्या मोठ्या बाईंसमोर प्रयोग आहे. विभागप्रमुखाची खुर्ची आपलीच समज."

"समजले," बायको बाहेरून म्हणाली. "पण आता बाहेर येऊ नका."

"का?"

"येता येणार नाही म्हणून."

बाथरूमच्या बाहेर बोळ होता आणि बोळात वॉशिंग मशीन. कपडे पिळायची वेळ आली की ते सगळ्या अंगाने थरथरायचं आणि चालायला लागायचं. एरवी भिंतीपर्यंत जाऊन थांबायचं. आज ते बाथरूमच्या दाराला जाऊन भिडलं. दार उघडायचं बाहेरच्या बाजूला. त्यामुळे जगातले सगळे हादरे आधी ओळखणारा माणूस, कपडे पिळून होईपर्यंत, टॉवेल गुंडाळून उपड्या बादलीवर बसून राहिला.

"कधीची सांगतेय, त्याच्या पायांखाली काहीतरी घाला," सुटका झाल्यावर बायको म्हणाली. "रबर घाला, पुठ्ठा घाला, काय वाटेल ते घाला."

"अगं, हादरा थांबवणं हे मिस्त्रीचं काम. हादरा येणार हे ओळखणं, ते शास्त्रज्ञाचं!"

"मग ओळखून आत कसे अडकलात?"

यावर भाकीतरावांनी डोकं पुसायचं काम एकदम मनावर घेतलं.

भाकीतराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं. ठेवलं होतं टिंगल म्हणून, पण ते ही टिंगल पदवीसारखी मिरवायचे. ऑफिस म्हणजे हार्ड डिस्क तपासायची प्रयोगशाळा. हार्ड डिस्कच्या पोटात एक चकती गरगर फिरत असते. तिच्यावर केसाहून बारीक गोल वाटा, आणि त्या वाटांवरून हेड नावाचा चिमुकला काटा लिहीत-वाचत जातो. शेजारी काही धडधडलं की हा काटा वाटेवरून घसरतो. वाचताना घसरला तर फार बिघडत नाही, पुन्हा वाचता येतं. पण लिहिताना घसरला, की शेजारच्या वाटेवर जे काही असेल त्याच्यावर बिनदिक्कत स्वतःचं गिरवून मोकळा होतो.

तर भाकीतरावांनी एक डबी बनवली होती. डिस्कच्या रॅकवर ती चिकटवायची. बारीकसारीक थरथर टिपून, काटा घसरायच्या आधीच ती सांगणार, की बाबांनो, आता हा घसरतोय! सांगण्यासाठी डबीला भोंगा होता. तो भाकीतरावांनी स्वतः निवडला होता. पहिला त्यांना फार मिळमिळीत वाटला. दुसरा वाजवल्यावर पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी अंगावर चहा सांडला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

दुःख एकच होतं. तो दिवस सोडला तर डबी कधी वाजलीच नाही.

याला कारणीभूत होते शेजारच्या टेबलावरचे रबरवाले. हेही खुर्चीच्या शर्यतीत होते. भाकीतराव ढीगभर आकडेमोड करत असताना या गृहस्थाने काय केलं, तर रॅकच्या चार पायांखाली रबराचे चार जाड तुकडे सरकवले आणि शिट्टी वाजवत जेवायला गेला. त्या दिवसापासून काटा घसरायचा बंद झाला. आता घसरणारच नाही त्याचं भाकीत करायचं कसं? भाकीतराव रोज सकाळी डबीकडे बघायचे, डबी त्यांच्याकडे बघायची, आणि दोघंही गप्प बसायचे.

"रबर!" ते घरी येऊन फणफणायचे. "याला काय संशोधन म्हणतात? चपलेचा धंदा आहे हा!"

शेवटी त्या संध्याकाळी, प्रयोगशाळेत कुणी नाही असं बघून, विज्ञानाच्या हितासाठी भाकीतरावांनी रॅक एकेका कोपऱ्याने उचलला आणि चारही रबरं काढून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकली. यंत्राला काही काम नको? रबरं टाकून कुठे देणार, म्हणून त्यांनी ती घरी आणून वॉशिंग मशीनच्या पायांखाली घातली. मशीन असं गप्प उभं राहिलं, जणू कुणी दम दिलाय.

"अय्या!" बायको खूश झाली. "कुठून आणलीत?"

"ऑफिसात. नुसती पडून होती."

"बघा, मिस्त्रीचं काम किती छान जमतं तुम्हाला."

भाकीतरावांनी हा वार झेलला, कारण त्यांना बायकोकडून एक गोष्ट हवी होती. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, की प्रयोग फुसक्या माहितीवर नको. ज्याची तुम्हाला खरोखर काळजी आहे असं काहीतरी डिस्कवर घाला, मग बघू. आणि भाकीतरावांनी भर बैठकीत छाती काढून जाहीर केलं होतं, की मी माझ्या घरातले सगळे फोटो घालतो.

"सगळे?" बायकोच्या कपाळाला आठी पडली. "अहो, एकच प्रत आहे ती! लेकीचा पहिला दात आहे त्यात. पहिलं पाऊल आहे. आमच्या आईचा हसतानाचा फोटो आहे."

"आई हसल्या होत्या?"

"एकदाच. म्हणूनच सांगतेय. त्यातला एक जरी फोटो गेला ना, तर तुमचं अंथरूण बोळात. मशीनशेजारी. कायमचं."

"अगं, जाईल कसा? जायच्या आधीच कळेल ना मला!"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत खुर्च्या मांडल्या गेल्या. मोठ्या बाई मधोमध बसल्या. कंपनीतल्या सगळ्या खुर्च्या कुणाला द्यायच्या हे त्या ठरवायच्या, आणि डिस्कच्या आत काय असतं हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. रबरवाले मागे हाताची घडी घालून उभे राहिले. भाकीतरावांनी लॅपटॉप रॅकला जोडला. फोटोंची नुसती प्रत पाठवायची, की मूळ फोटोच हलवायचे, असं लॅपटॉपने विचारलं.

"प्रत ठेवायची म्हणजे स्वतःच्या यंत्रावर अविश्वास," भाकीतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि त्यांनी 'हलवा' दाबलं.

फोटो एकेक करून निघाले. पडद्यावर लेकीचा दात आला. पाऊल आलं. तेवढ्यात कुणीतरी खोलीचं दार लावलं. फार जोरात नाही, माणसं लावतात तसंच. रॅक किंचित थरथरला.

डबी बोंबलली.

तो आवाज काय वर्णावा! मोठ्या बाईंचा चष्मा नाकावरून सरकला. दुसऱ्याच क्षणी पडद्यावर लाल अक्षरं उमटली, की काटा घसरला.

"वा!" बाई टाळी वाजवत म्हणाल्या. "आधी भोंगा, मग चूक! हुबेहूब!"

भाकीतरावांनी मान झुकवली. ती वर येते न येते तोच डबी पुन्हा बोंबलली. काटा पुन्हा घसरला. मग डबी जी सुरू झाली ती थांबेचना. भोंग्याने रॅक हादरायचा, हादरलेला रॅक बघून डबी म्हणायची आता काटा घसरणार, म्हणून भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला म्हणून काटा घसरायचा. दोघांनी एकमेकांचा हात धरून फेर धरला होता.

"अहो, भोंगा रॅकलाच चिकटवलाय तुम्ही!" रबरवाले धावत पुढे आले. "त्याच्यामुळेच हादरतोय तो! बंद करा!"

"काय?"

"भोंगा! बंद करा!"

"ऐकू येत नाही! भोंगा वाजतोय!"

रबरवाल्यांनी कपाळावर हात मारला आणि ते गुडघ्यांवर बसून रॅकखाली डोकावले. "माझी रबरं कुठे गेली?" असं ते ओरडले, पण तेही कुणाला ऐकू गेलं नाही. भाकीतरावांना गेलं, पण त्यांनी न गेल्यासारखं केलं.

इकडे पडद्यावर फोटोंची चाळण होत होती. दाताच्या जागी राखाडी चौकोन आला. पावलाचं वरचं अर्धं राहिलं आणि खाली हिरवे पट्टे. मग एका भारदस्त बाईंचा चेहरा उमटला, तोही नाकापर्यंतच.

"या कोण?" मोठ्या बाईंनी भोंग्याच्या वर आवाज काढून विचारलं.

"सासूबाई!"

"रागावल्यात का?"

"नाही हो! हसतायत! हसणं खालच्या अर्ध्यात होतं!"

अखेर रबरवाल्यांनी डबीच उपटून तिचं बटण बंद केलं आणि खोलीत शांतता झाली. भाकीतरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अंथरूण, बोळ, मशीन, सगळं त्यांना एका रांगेत दिसत होतं.

"फोटो गेले?" बाईंनी विचारलं.

"गेले."

"पण जाणार हे आधी कळलं?"

"हो. कळलं तर."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग झालं तर!" बाई उठल्याच. "एकसुद्धा भाकीत चुकलं नाही! असं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही."

"बाई, ते यंत्र चुकणार कसं?" रबरवाले कळवळून म्हणाले. "स्वतःच धक्का द्यायचा आणि स्वतःच सांगायचं, बघा पडला! रबरं असती तर काही झालंच नसतं!"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "काही झालंच नसतं तर आम्ही बघणार काय होतो? इतके दिवस तुमच्या रबरांनी या माणसाचं यंत्र झाकून ठेवलं. उद्यापासून सगळ्या रॅकची रबरं काढा. तुम्हीच काढा, कुठे कुठे घातलीत ते तुम्हालाच माहीत आहे. आणि काय हो, अभिनंदन, विभागप्रमुख!"

विभागप्रमुख घरी निघाले ते चोरासारखे. डबी खिशात होती. बोळात बायको होती. मशीन कपडे पिळत होतं, पण जागचं हलत नव्हतं. त्याच्यावर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवलेला होता आणि त्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

"प्रमुख झालो," भाकीतराव म्हणाले.

"फोटो?"

"एकही भाकीत चुकलं नाही म्हणे."

"अहो, फोटो!"

भाकीतराव उपड्या बादलीवर बसले. "गेले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. अंगावर काहीच पडलं नाही, म्हणून एक डोळा उघडला. बायको शांतपणे मशीनकडे बोट दाखवत होती. ग्लासच्या शेजारी एक छोटी हार्ड डिस्क होती आणि तिच्यातून वायर बायकोच्या फोनला गेली होती.

"आज सकाळी तुम्ही पुन्हा बाथरूममध्ये भाषण ठोकत होता ना, तेव्हा सगळे फोनमध्ये कोंबून घेतले," ती म्हणाली. "फोन गच्च भरला, धड चालेना. म्हणून आता या डिस्कमध्ये हलवतेय. निम्मे झाले. आणि तुमच्या रबरांमुळे घरातली सगळ्यात स्थिर जागा हीच आहे."

भाकीतरावांनी दुसराही डोळा उघडला. "दात?"

"आहे."

"आई?"

"हसतायत. पूर्ण."

एखादा शहाणा माणूस इथे बायकोचे आभार मानून चहा मागता. पण भाकीतराव आता विभागप्रमुख होते. त्यांची नजर मशीनच्या पायांकडे गेली आणि आनंदात मिठाचा खडा पडला. घरातसुद्धा श्रेय कुणाला, तर रबराला!

"रबराचं काय धरून बसलीस," ते उठत म्हणाले. "रबर काय, आज आहे, उद्या झिजेल. आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर? आधी कळायला नको?" त्यांनी खिशातून डबी काढली, डिस्कच्या पाठीवर नीट दाबून चिकटवली आणि तिचं बटण सुरू केलं.

"काय चिकटवलंत ते?"

"काळजीच मिटली. आता काही व्हायचं असलं तर आधी वाजेल."

"नक्की?"

"आज एकदाही चुकली नाही."

बायकोला तेवढं पटलं. दिवसभराची दमलेली होती. तिने मशीनवरचा ग्लास उचलला, पाणी प्यायली आणि ग्लास परत जागेवर ठेवला.

भोंगा वाजला. भाकीत बरोबर निघालं. अंथरूण बोळात पडलं.