गुरुजींचा पाण्याखालचा पट

बोट सुटायच्या आधी गुरुजींनी तिसऱ्यांदा माणसं मोजली आणि तिसऱ्यांदाही ती सातच भरली.

"बाई, एक जण कमी आहे," ते प्रशिक्षक बाईंना म्हणाले. "तुमच्यासकट आठ आहोत म्हणाला होतात."

बाई हवेच्या टाक्यांचे पट्टे तपासत होत्या. त्यांनी बोटीवर एक नजर फिरवली. "आठच आहेत की."

"सात. मी तीनदा मोजलं."

"अहो," शेजारून गुरुजींची बायको म्हणाली, "स्वतःला मोजलंत का?"

गुरुजींनी वर केलेलं बोट हळूच स्वतःकडे वळवलं. बोटीवर टायरचं दुकान चालवणारे दोघे भाऊ होते, ते मांडीवर थापा मारून हसले. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांनी सभ्यपणे समुद्राकडे तोंड फिरवलं. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं, ते मात्र हसलं नाही. बोटीवर आपल्याशिवाय आणखी कोणी आहे, हेच त्यांच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

यात गुरुजींचा तरी काय दोष? चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या सहली नेल्या होत्या. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, पाणी प्यायला थांबलं की पुन्हा मोजायचं. वर्गात जितकी मुलं तितका पट, आणि पटात शिक्षक स्वतःला कधी धरत नाही. एवढ्या वर्षांत त्यांचं एकही मूल हरवलं नव्हतं. उलट एकदा प्राणिसंग्रहालयातून एक मूल जास्तच आलं होतं. तसाच पांढरा सदरा, तशीच निळी चड्डी, आणि गाणी म्हणण्यात सगळ्यात पुढे. ते दुसऱ्याच शाळेचं निघालं. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तेव्हा जे काही ऐकवलं, ते गुरुजींना अजून तोंडपाठ होतं. तेव्हापासून आकडा कमी भरला तर ते नुसते घाबरत. जास्त भरला तर त्यांना घाम फुटे.

आता ते निवृत्त झाले होते आणि मुलीने हौसेने त्यांना या बेटावर सुट्टीला पाठवलं होतं. खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायचं, एवढाच त्यांचा बेत होता. पण निघायच्या दिवशी दुसरीतली नात, पिटुकली, दप्तर पाठीवर घेऊन समोर उभी राहिली.

"आबा, शार्क दमला की बसतो का?"

"पुस्तकात बघून सांगतो."

"पुस्तकातलं नको. तुम्हीच म्हणता ना, ऐकलेलं सांगू नये, पाहिलेलं सांगावं?"

गुरुजींनीच लावलेली शिस्त गुरुजींच्याच गळ्यात आली. लहान मुलाचा प्रश्न त्यांनी आजवर अनुत्तरित सोडला नव्हता. त्यामुळे साठी उलटल्यावर डॉक्टरांचा दाखला काढून, चार दिवस तलावात गटांगळ्या खाऊन, आज ते शार्क बघायला निघाले होते. बायकोही सोबत शिकली होती. भिंतीवर पाल दिसली तरी ती पलंगावर चढत असे, म्हणून गुरुजींनी तिला किनाऱ्यावर थांब म्हणून सांगून पाहिलं होतं. "तुम्हाला एकटं सोडलं तर शार्कांना उंचीप्रमाणे रांगेत उभं कराल," असं म्हणून ती आलीच.

बोट खडकापाशी थांबली. बाईंनी टाळी वाजवली आणि गुरुजी सवयीने ताठ बसले.

"नीट ऐका. इथले शार्क माणसाच्या वाटेला जात नाहीत. आपणही त्यांच्या वाटेला जायचं नाही. हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही. आपल्याच केंद्राची दुसरी बोट आज इथे आली आहे. आपल्या मनगटाला लाल फीत आहे, त्यांच्या काळी. जोडीदाराला सोडायचं नाही. काही शंका?"

शंका कोणालाच नव्हती. जेलीफिशचा चटका बसू नये म्हणून सगळ्यांनी डोक्यावर काळ्या टोप्या चढवल्या, डोळ्यांवर काचा लावल्या, आणि पाच मिनिटांपूर्वी निरनिराळी दिसणारी आठ माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली.

"काही झालं तरी माझा हात सोडू नकोस," गुरुजी बायकोला म्हणाले.

"मी कशाला सोडते?"

आणि खरंच, हात तिने सोडला नाही. तो गुरुजींनी सोडला.

झालं असं, की तळाशी पोचताच गुरुजींना मोजायची तलफ आली. पाण्याखाली तोंडाने मोजता येत नाही, कारण तोंडात नळी असते. मनात मोजावं तर बुडबुड्यांच्या खळखळाटात आकडा हरवतो. राहिली बोटं. एका हाताची पाच, आणि माणसं आठ. बायकोच्या हातातला हात सोडवून घेण्यावाचून इलाजच नव्हता. "आत्ता धरतो पुन्हा," असं त्यांनी मनातल्या मनात तिला सांगितलं आणि मोजायला सुरुवात केली. या वेळी स्वतःपासून.

नऊ.

गुरुजींना पाण्यातही घाम फुटला. त्यांनी पुन्हा मोजलं. सहावर आले असतील नसतील, तोच काहीतरी लांबलचक करडं त्यांच्या नाकासमोरून आडवं गेलं आणि आकडा चुकला. रांग तोडून जाणाऱ्या पोराला बाजूला करावं तसं त्यांनी वैतागून त्याला हाताने बाजूला केलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. नऊच. स्वतःला वगळून आठ. पण मघाशी स्वतःला वगळून सात होते! म्हणजे परका नक्की कोण? की आज आपण स्वतःलाच दोनदा मोजतो आहोत?

एवढ्यात त्यांना फितींची आठवण झाली. परक्याची फीत काळी असणार. त्यांनी पहिलं मनगट पाहिलं. काळी. दुसरं पाहिलं. काळी. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी काळी! म्हणजे हा आख्खा वर्गच दुसऱ्या शाळेचा! आपला वर्ग कुठे गेला? त्यांनी स्वतःचं मनगट डोळ्यांजवळ नेलं.

तेही काळं होतं.

मग मात्र गुरुजींना काही म्हणता काही कळेना. आपण निघालो त्याच बोटीतून आलो ना? की आपणच ते जास्तीचं मूल? क्षणभर त्यांना ते प्राणिसंग्रहालयातलं पोरगं आठवलं आणि त्याच्याविषयी फार जिव्हाळा वाटला.

पण शिक्षक तो शिक्षक. फिती दगा देत असतील तर वागणुकीवरून ओळखायचं, असं त्यांनी ठरवलं. खडकाच्या कपारीपाशी एक जण वाळूवर पालथा पडून, पार आत डोकावून काहीतरी बघत होता. भीती नाही, संकोच नाही, जोडीदाराचा पत्ता नाही. गुरुजींची खात्री पटली. इतकं धाडसी माणूस आपल्या बोटीवर नव्हतंच.

त्यांनी त्या धाडसी माणसाचा दंड धरला. त्याने हात झटकला आणि कपारीकडे बोट दाखवलं. गुरुजींनी मान हलवली, 'आता नाही, सहल संपली' अशा अर्थी. त्याने पुन्हा हात झटकला. पण हट्टी मुलं गुरुजींनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी त्याला थेट पलीकडच्या गटापाशी नेलं. तिथला दाढीवाला प्रशिक्षक बोटांवर आपली माणसं मोजत होता आणि त्याला एक कमी पडत होता. गुरुजींनी त्याचा एक त्याच्या हवाली केला. दाढीवाल्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक' अशी खूण केली. सहकारी शिक्षकाने केलेलं हे कौतुक गुरुजींना मनापासून आवडलं.

परत येऊन मोजलं. बरोबर आठ! आता बायको. बाईंच्या मागे एक बेताच्या उंचीची व्यक्ती गुडघे जुळवून थरथरत होती. बिचारी! गुरुजींनी धावत, म्हणजे पाण्यात जमेल तितकं धावत, जाऊन तिचा हात धरला. त्या हाताने त्यांचा हात असा घट्ट आवळला, की बोटीवर येईपर्यंत सोडलाच नाही.

"आठ!" वर येताच तोंडातली नळी काढून गुरुजींनी जाहीर केलं. "पट पूर्ण!" मग त्यांनी शेजारच्या खांद्यांवर पंचा टाकला आणि प्रेमाने पाठ चोळायला घेतली. "किती थरथरत होतीस गं! म्हणून म्हणत होतो, किनाऱ्यावर थांब. मी होतो म्हणून ठीक."

शेजारच्या माणसाने नळी, टोपी आणि काच काढली. आतून भरघोस मिशा निघाल्या.

"खरंच, तुम्ही होतात म्हणून ठीक," मिशा म्हणाल्या. "आणखी थोडं चोळता? बरं वाटतंय."

"तुम्ही कोण?"

"मी पलीकडच्या बोटीचा. एक शार्क दिसला आणि डोळे मिटून जो सुटलो, तो तुमच्यात येऊन पडलो. मग तुम्ही हात धरलात. आमच्या घरीसुद्धा कोणी इतका वेळ हात धरत नाही हो."

"मग माझी बायको कुठे आहे?"

गुरुजींच्या डोळ्यांसमोर ती कपार आली. तो हात आला. दोनदा झटकलेला. बाजारात गुरुजी नको त्या दुकानात शिरले, की ती अगदी असाच दोनदा हात झटकत असे.

"बाई," ते म्हणाले, "माझी बायको मी स्वतःच्या हाताने दुसऱ्या वर्गात बसवून आलो."

"काय?"

"फिती सगळ्या काळ्या होत्या हो!"

"लाल रंग खाली लाल दिसत नाही, गुरुजी. पाणी तो शोषून घेतं. फिती बोटीवर चढताना ओळखण्यासाठी आहेत. खाली ओळखायला मी असते."

"माहीत आहे मला," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "सातवीला मीच शिकवायचो."

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तसं पाहणं गुरुजींच्या चांगल्या ओळखीचं होतं. फक्त आजवर ते त्यांच्या बाजूने होत असे. मग बाईंनी वायरलेस उचलला. चार वेळा "ऐकू येतंय का?" विचारून झाल्यावर पलीकडून दाढीवाल्याचा आवाज आला. "आमची माणसं बरोबर आहेत. फक्त एका गृहस्थांच्या जागी एक आजी निघाल्या. मजेत आहेत. परत उतरू या म्हणून मागे लागल्या आहेत."

मिशांनी गुरुजींचा हात धरला.

दुसरी बोट जवळ आली तेव्हा बायको मध्यभागी बसून कलिंगडाच्या फोडी खात होती आणि सगळी बोट तिचं ऐकत होती. "अहो!" ती लांबूनच ओरडली. "काय काय पाहिलं म्हणून सांगू!"

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? फक्त एक आगाऊ माणूस भेटला. मी कपारीत बघत होते, तर हाताला धरून फरफटत नेलं मेल्याने! तुम्ही नव्हता तेच बरं, उगीच भांडला असता."

दातांचे डॉक्टर खोकले. टायरवाल्या भावांनी पंचे तोंडात कोंबले.

"तो मीच होतो," गुरुजी म्हणाले.

बायकोने हातातली फोड खाली ठेवली. "इतकी वर्षं संसार केला, आणि मला ओळखलं नाहीत?"

"तू घाबरत नव्हतीस. म्हणून नाही ओळखलं."

"मी पालीला घाबरते. शार्क काय भिंतीवरून अंगावर पडतो का?"



"पण तुम्ही काय धाडस केलंत, गुरुजी!" डॉक्टर मध्येच म्हणाले. "सहा फुटी शार्क नाकासमोरून गेला आणि तुम्ही त्याला माशीसारखा बाजूला सारलात. बाई किती ओरडल्या असतील नळीतून!"

"कोणता शार्क?" गुरुजींनी विचारलं.

दुपारी पिटुकलीचा फोन आला. फोनच्या पडद्यावर आधी तिचं कपाळ दिसलं, मग पडलेला दात. "आबा, बसतो का?"

गुरुजींनी फोन मुकाट्याने बायकोकडे दिला.

"बसत नाही गं, आडवा होतो," आजी म्हणाली. "पोटावर, वाळूत. कपारीत सात होते, एकाला एक चिकटून. बालवाडीत दुपारी मुलांना झोपवतात ना, तस्से. डोळे मात्र टक्क उघडे."

"त्या जातीचे तरी," गुरुजींनी मागून दुरुस्ती केली.

"आबा, तुम्ही पण पाहिलेत?"

हो म्हणणं सोपं होतं. पण पाहिलेलंच सांगावं, हे वाक्य त्यांचंच होतं. "नाही, बाळा. मी मोजत होतो."

"शार्क?"

"माणसं."

पिटुकलीने थोडा विचार केला. "म्हणजे तुमचा गृहपाठ राहिला. उद्या पूर्ण करून आणा."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पुन्हा बोटीवर होते. सवयीने त्यांची तर्जनी वर गेली, तशी बायकोने ती मुठीत पकडली.

"आज मोजणी माझ्याकडे," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या छातीवर बोट टेकवलं. "एक. झालं."

"आणि बाकीचे?"

"माझा पट एवढाच. बाकीचे बाई बघतील."

तेवढ्यात पाठीमागून ओळखीच्या मिशा पुढे आल्या. "मी बाईंना विनंती करून याच बोटीवर नाव घातलं," त्या संकोचून म्हणाल्या. "गुरुजी, तुमचा दुसरा हात मोकळा आहे ना?"

एक हात बायकोने धरला होता, दुसरा मिशांनी धरला. मोजायला एकही बोट मोकळं राहिलं नाही. गुरुजी तसेच पाण्यात उतरले आणि, दुसरं काही करताच येईना म्हणून, शार्क बघू लागले.